‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणजे ‘सामान्य सरासरी’ नव्हे

प्रश्न : मी सांगलीहून बेदाणा आणि हळद परदेशी पाठवणारा लहान निर्यातदार आहे. माल तिकडे विकला जाईपर्यंत तो माझ्याच मालकीचा असतो. अलीकडे माझा एक कंटेनर ज्या जहाजावर होता, त्या जहाजाला वाटेत आग लागली. माझ्या मालाला धक्काही लागलेला नाही असे कळले, पण पाठोपाठ जहाज कंपनीचे पत्र आले. ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर झाले असून मालाच्या किमतीच्या प्रमाणात हमी दिल्याखेरीज कंटेनर सोडला जाणार नाही, असे त्यात लिहिले आहे. आमच्या हिशेबनिसांनी त्याचे भाषांतर ‘सामान्य सरासरी’ असे करून दिले, त्यावरून काहीच बोध होत नाही. या शब्दाचा येथे अर्थ काय आणि तो आला कोठून? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील ‘अ‍ॅव्हरेज’ या शब्दाचा अर्थ नुकसान असा आहे. हिशेबनिसांची चूक समजण्याजोगी आहे, कारण शाळेपासून आपण हा शब्द बेरीज करून भागाकार करण्याशीच जोडत आलो आहोत, आणि ‘तुमची गाडी काय अ‍ॅव्हरेज देते’ असे विचारताना तर तो पुरता मराठी झालेला असतो. इंग्रजीत मात्र तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस आला तो बंदरांवरच्या व्यवहारातून, आणि तेव्हा त्याचा गणिताशी काडीचाही संबंध नव्हता. समुद्रप्रवासात जहाजाची किंवा मालाची झालेली खराबी आणि त्यापायी मालधन्याच्या अंगावर पडणारा खर्च, एवढाच त्याचा आशय होता. सरासरी हा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी. जहाजवाहतूक आणि सागरी विमा या दोन क्षेत्रांनी जुना अर्थ कधीच सोडला नाही. आपल्या देशाच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमातही हा शब्द नुकसान याच अर्थाने आलेला आहे.

शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक अरबीत शोधतात. अरबीत ‘अवार’ म्हणजे वस्तूतील दोष, कापडातील फाट; आणि त्यावरून झालेला ‘अवारिय्या’ म्हणजे खराब झालेला माल. आपल्याकडे याला अगदी जवळचा शब्द आहे तो ‘खोट’. नाण्यात किंवा दागिन्यात खोट असते, म्हणजे दोष असतो. आणि धंद्यात खोट येते, म्हणजे तोटा होतो. दोषाकडून तोट्याकडे जाणारी हीच वाट अरबी शब्दानेही चालली. बाराव्या शतकात भूमध्य समुद्रावरचा व्यापार जिनोव्हासारख्या इटालियन बंदरांच्या हाती होता, आणि तेथील कागदपत्रांत ‘अव्हारिया’ हा शब्द दिसू लागतो. तेथून तो फ्रेंचमध्ये ‘अव्हारी’ झाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला. काही अभ्यासक तो मालमत्ता या अर्थाच्या ‘आव्हेरे’ या इटालियन शब्दापासून काढतात, परंतु मला अरबी व्युत्पत्ती अधिक पटते. अर्थ जुळतो हे एक कारण. दुसरे असे की त्याच बंदरांतून व्यापाराचे कितीतरी अरबी शब्द युरोपात गेले. जकातीचा दर सांगणारा ‘टॅरिफ’ हा त्यातलाच. कोठार या मूळ अर्थाचा ‘मॅगझिन’ आणि आपला ‘खजिना’ हे तर एकाच अरबी धातूचे आहेत.

जुना अर्थ किती सरळ होता ते लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारातील विमापत्रात पाहावे. १७४९ मध्ये तेथील विमापत्राला एक टीप जोडण्यात आली. धान्य, मासे, मीठ, फळे, पीठ आणि बी हे जिन्नस ‘अ‍ॅव्हरेजपासून मुक्त’ समजावेत, मात्र नुकसान ‘जनरल’ असेल किंवा जहाज जमिनीवर रुतले असेल तर तसे समजू नये, असा तिचा आशय होता. येथे अ‍ॅव्हरेजच्या जागी सरासरी हा शब्द घालून वाचले तर वाक्याला काही अर्थच उरत नाही. नुकसान हा शब्द घातला की सारे स्पष्ट होते : हे जिन्नस आपोआप सडतात, भिजतात, किडतात, तेव्हा त्यांची किरकोळ खराबी विमा उतरवणारा भरून देणार नाही. आपला बेदाणा त्या काळी निघाला असता तर तो याच यादीत, फळांच्या खाली आला असता.

आता त्या टिपेतील ‘जनरल’ या विशेषणाकडे वळू, कारण आपला प्रश्न त्यातच अडकला आहे. समुद्रावरच्या नुकसानीचे कायदा दोन भाग करतो. ज्याच्या वस्तूचे नुकसान अपघाताने झाले त्याचे ते त्यानेच, किंवा त्याच्या विमा कंपनीने, सोसायचे. त्याला ‘पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. परंतु जहाज आणि त्यावरचा सगळा माल एकाच संकटात सापडला असताना, सर्वांच्या बचावासाठी कोणी जाणूनबुजून आणि विचारपूर्वक एखादी वस्तू गमावली किंवा नेहमीपेक्षा वेगळा खर्च केला, तर ते नुकसान एकट्याचे राहत नाही. ते ‘जनरल’ होते, म्हणजे सगळ्यांचे होते, आणि ज्यांचे काही ना काही वाचले त्या सर्वांनी आपापल्या वाचलेल्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घ्यायचे असते.

आपल्या जहाजावरील आगीच्याच प्रसंगात हा भेद फार जवळून दिसतो. समजा, एका खणात दोन कंटेनर शेजारी शेजारी आहेत. एकातील माल आगीच्या धगीने काळवंडला; दुसऱ्याला आग शिवलीही नाही, पण ती विझवण्यासाठी खणात पाणी सोडले त्यात त्याच्या तळाची पोती भिजून लगदा झाली. दोघांचाही माल गेला, तरी पहिल्याचे नुकसान त्याचे एकट्याचे आणि दुसऱ्याचे मात्र सर्वांचे, कारण आग कोणी लावली नव्हती पण पाणी माणसांनी ठरवून सोडले होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या यॉर्क-अँटवर्प नियमांत हे स्पष्ट सांगितले आहे : विझवण्याच्या पाण्याने झालेली हानी वाटून घ्यावी, धुराने किंवा आगीच्या उष्णतेने झालेली घेऊ नये. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि चित्रा कलंडल्यावर तिच्यावरचे कंटेनर समुद्रात घसरले, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. ते कंटेनर आपोआप पडले, त्यामुळे ते या अर्थाने सामाईक नुकसान ठरत नाही. जहाज हलके करण्यासाठी खलाशांनी हातांनी ते लोटले असते तर ठरले असते.

वाटणी कशी होते ते सोप्या आकड्यांत सांगतो. जहाजाची किंमत ६० कोटी रुपये आणि त्यावरच्या सगळ्या मालाची मिळून ४० कोटी रुपये आहे असे धरू. वादळात जहाज वाचवण्यासाठी ५ कोटींचा माल समुद्रात टाकावा लागला. एकूण १०० कोटींवर ५ कोटींचे नुकसान, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला शेकडा ५ येतात. जहाजमालक ३ कोटी भरतो. आपला माल ४० लाखांचा असेल तर आपण २ लाख भरता. ज्याचा माल टाकला त्यालाही पूर्ण ५ कोटी मिळत नाहीत. त्याच्याही वाट्याचे शेकडा ५, म्हणजे २५ लाख, वजा होतात आणि ४ कोटी ७५ लाख हाती येतात. ज्याचे गेले तो इतरांपेक्षा वाईट अवस्थेत राहू नये, पण चांगल्या अवस्थेतही राहू नये, इतका काटेकोर हा हिशेब आहे, आणि मला तो मनापासून सुंदर वाटतो. आपल्या मालाला धक्का लागला नाही म्हणूनच आपल्याला पैसे मागितले जात आहेत, हे ऐकायला विपरीत वाटेल. पण आपला बेदाणा वाचला तो दुसऱ्या कोणाचा माल भिजल्यामुळे किंवा जहाज ओढून आणण्याचा खर्च झाल्यामुळे वाचला.

ही रीत शब्दापेक्षा कितीतरी जुनी आहे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इसवी सन ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात ती ऱ्होड्स बेटाचा नियम म्हणून नोंदलेली आहे. जहाज हलके करण्यासाठी माल फेकला, तर सर्वांसाठी जे दिले गेले ते सर्वांच्या वर्गणीने भरून द्यावे, असे तेथे म्हटले आहे. पुढे प्रत्येक बंदराने आपापले पोटनियम केले आणि गोंधळ वाढला. तो मिटवण्यासाठी १८६४ मध्ये यॉर्क येथे आणि १८७७ मध्ये अँटवर्प येथे परिषदा झाल्या. त्यांतून निघालेल्या नियमांची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवसांनी सुटले, तेव्हाही मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले होते. त्या जहाजावरचे २५ खलाशी भारतीय होते.

आता हा शब्द सरासरीपर्यंत कसा पोचला ते पाहावे. प्रथम त्याचा अर्थ नुकसान. मग सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या नुकसानीची न्याय्य वाटणी. मग वाटणीनंतर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा. आणि अठराव्या शतकात, लहानमोठ्या अनेक संख्या एकत्र करून सारख्या वाटल्यावर जी येते ती संख्या. अर्थाची पावले अशी एकामागून एक पडली. शेवटच्या पायरीवर एक गोष्ट मात्र हरवली. जहाजावरची वाटणी सारखी नव्हती, ती ज्याच्या त्याच्या मालाच्या किमतीप्रमाणे होती. शाळेतली सरासरी सर्वांना एकाच मापाने मोजते.

व्यवहाराचेही दोन शब्द. आपल्याला बहुधा दोन कागद मागितले असतील : आपण स्वतः सही करायचे बंधपत्र, आणि आपल्या विमा कंपनीने द्यायचे हमीपत्र. मालाचा विमा नसेल तर हमीपत्राऐवजी रोख अनामत भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क जहाजमालकाला कायद्याने आहे. अनामत लहान असतेच असे नाही. ६ मार्च २०१८ रोजी अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ या जहाजाला मोठी आग लागली, तेव्हा बचावकार्यासाठी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल अ‍ॅव्हरेजसाठी ११.५ टक्के, म्हणजे एकंदर ५४ टक्के रकमेची हमी मालधन्यांकडून मागण्यात आली होती. सागरी विम्याची ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी जी तीन प्रमाणित कलमे चालतात, त्यांतील सर्वांत स्वस्त अशा ‘सी’ कलमातही हा वाटा विमा कंपनी उचलते. तेव्हा आपली पॉलिसी काढून पाहा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तिच्या संमतीशिवाय रोख भरू नका. अंतिम हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाला ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर’ म्हणतात. त्याचे काम संपायला कित्येकदा वर्षे लागतात, म्हणून मालाचे बीजक, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची जहाज कंपनीची पावती) आणि विम्याची प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : ‘डॅमेज’ आणि ‘अ‍ॅव्हरेज’ या दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच आहे. ते एकाच कुळातले आहेत काय? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : कुळ एक नाही, पण शेजाराचा परिणाम झाला आहे. ‘डॅमेज’ हा लॅटिन ‘दाम्नुम’ या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. ‘दाम्नुम’ म्हणजे हानी, किंवा दंड म्हणून सोसावा लागलेला तोटा. दोषी ठरवणे या अर्थाचे ‘कंडेम’ हे क्रियापद आणि विम्याच्या कागदांवर नेहमी दिसणारा ‘इंडेम्निटी’ हा शब्द त्याच मुळाचे. इंडेम्निटीचा शब्दशः अर्थ ‘हानिरहितता’ असा होतो. ‘अ‍ॅव्हरेज’ला मुळात असा शेवट नव्हता, तो इटालियनमध्ये ‘रिया’ आणि फ्रेंचमध्ये ‘री’ असा होता. इंग्रजीत आल्यावर ‘डॅमेज’ आणि बंदरावरचे ‘पायलटेज’, ‘व्हार्फेज’ यांसारखे शब्द सतत कानावर पडत असल्याने त्यानेही तेच शेपूट धारण केले. विद्यार्थ्यांना हे सांगताना आणखी एक खुलासा करावा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराला जनावरांनिशी द्यायच्या वेठीलाही ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणत असत. तो वेगळा शब्द आहे आणि काही जुन्या पुस्तकांत त्याच्यापासून सरासरीचा अर्थ काढलेला आढळतो, तो ग्राह्य धरू नये.

इतर भाषांनी मूळ अर्थ अधिक निष्ठेने सांभाळला. फ्रेंचमध्ये नासलेल्या मांसाला आजही ‘अव्हारिये’ म्हणतात, स्पेनमध्ये रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीला ‘अव्हेरिया’ झालेली असते, पोर्तुगीजमध्ये ‘अव्हारिया’ म्हणजे बिघाड, आणि रशियनमध्ये ‘अव्हारिया’ म्हणजे सरळ अपघात. या सर्वांत केवळ इंग्रजीने हा शब्द रोजच्या बोलण्यात गणिताकडे वळवला आहे.

प्रश्न : मग मराठीत ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ला काय म्हणावे? — एक भाषांतरकार, पुणे

उत्तर : मी ‘सामाईक नुकसान’ असे म्हणेन. ‘सामाईक’ हा शब्द आपल्या सातबारावर, सामाईक विहिरीत आणि सामाईक भिंतीत रुळलेला आहे, आणि ज्याचा खर्च सर्व हिस्सेदारांवर पडतो ती गोष्ट असा त्याचा नेमका अर्थ कोणत्याही शेतकऱ्याला कळतो. वाटणीसाठी ‘हिस्सेरशीने’ हा महसुली शब्द आयता उपलब्ध आहे. ‘पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज’ला ‘विशेष हानी’ म्हटलेले मला रुचत नाही, कारण ‘विशेष’ म्हटले की हानी मोठी होती असा भास होतो. त्याऐवजी ‘एकट्याचे नुकसान’ म्हणावे. ‘सरासरी’ मात्र येथे कोणत्याही रूपात येऊ देऊ नये. तो शब्द फारसी ‘सरासर’पासून, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत या अर्थापासून आला. त्यात एकंदरीने पाहणे आहे, खराबी कोठेच नाही. दोन शब्द एका गणिती अर्थापाशी येऊन भेटले, एवढ्यावरून त्यांचे पूर्वायुष्य एक ठरत नाही.

प्रश्न : माझ्या कापडदुकानाच्या आगविम्यात ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’ आहे. तोही नुकसान याच अर्थाचा काय? — एक दुकानदार, नाशिक

उत्तर : होय, तो जहाजावरच्याच वाटणीचा वंशज आहे. या कलमाचा आशय असा, की मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरवला असेल, तर उरलेल्या रकमेपुरते आपणच आपले विमा कंपनी झालात असे मानले जाते आणि नुकसान दोघांत हिस्सेरशीने वाटले जाते. समजा, दुकानात २० लाखांचा माल आहे, विमा १२ लाखांचा आहे आणि आगीत ५ लाखांचे कापड जळाले. विमा १२ लाखांचा आहे म्हणून पूर्ण ५ लाख मिळतील असे पुष्कळ दुकानदार धरून चालतात. कंपनी मात्र २० लाखांत १२ लाख या प्रमाणाने ३ लाख देते, आणि २ लाख आपल्या वाट्याचे म्हणून आपल्याकडेच राहतात. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत विमा शेकडा १५ पर्यंत कमी पडला तर तो दुर्लक्षिला जातो. वरच्या उदाहरणात तो शेकडा ४० ने कमी आहे, त्यामुळे तेथे कपात होईल. दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईत दुकानात माल दुप्पट होतो, तेव्हा विम्याची रक्कम त्या दिवसांतील साठ्याकडे पाहून ठरवावी आणि नूतनीकरणाच्या वेळी मागील वर्षाचा आकडा तसाच पुढे ओढू नये.